तिसरं रॉकेट पडल्यावर आलेले दोन कोटी डॉलर

३ ऑगस्ट २००८. प्रशांत महासागरातल्या ओमेलेक नावाच्या इवल्याशा बेटावरून फाल्कन १ हे रॉकेट तिसऱ्यांदा उडालं. पहिलं २००६ मध्ये इंधनगळतीने पेटून पडलं होतं, दुसरं २००७ मध्ये अवकाशात पोचूनही कक्षा गाठू शकलं नव्हतं. या तिसऱ्यावर नासाचे छोटे उपग्रह होते आणि अंतराळवीर गॉर्डन कूपर यांच्या अस्थींचा काही अंश होता. पहिला टप्पा बंद झाला, सुटा झाला, आणि नव्या इंजिनात उरलेल्या जराशा जोरामुळे मागून येऊन दुसऱ्या टप्प्यावर आदळला. सगळं समुद्रात.

दुसऱ्याच दिवशी स्पेसएक्सने जाहीर केलं की फाउंडर्स फंड या व्हेंचर कॅपिटल कंपनीकडून दोन कोटी डॉलर मिळाले आहेत.

स्टार्टअपच्या जगात ही गोष्ट पुराणकथेसारखी सांगितली जाते. तीन वेळा आपटलेल्या माणसावर कोणीतरी विश्वास टाकला, आठ आठवड्यांनी, २८ सप्टेंबरला, चौथं रॉकेट कक्षेत गेलं आणि जग बदललं. ऐकायला छान आहे. पण मला त्यात तारखा खटकतात. एका दिवसात कोणी दोन कोटी डॉलरचा करार करत नाही, म्हणजे बोलणी आधीची. शिवाय पैसे देणारे कोण? पीटर थील, ल्यूक नोसेक, केन हाउरी. तिघेही इलॉन मस्कचे पेपालमधले जुने सोबती. म्हणजे बाहेरच्या, अनोळखी व्हीसीने डोळे मिटून मारलेली ही उडी नव्हती. मग अनोळखी व्हीसी इतकी वर्षं कुठे होते? रॉकेटला पैसा लावायला ते का धजत नव्हते? मला या इतिहासातला खरा रस इथे वाटतो.

आधी व्हीसीचा पैसा काय असतो ते पाहू. आपल्याला वाटतं तसा तो त्या चकचकीत ऑफिसातल्या लोकांचा नसतो. पेन्शन फंड, विद्यापीठांचे निधी, श्रीमंत घराणी यांनी तो दिलेला असतो, साधारण दहा वर्षांच्या बोलीवर. फंड चालवणारे दरवर्षी दोनेक टक्के फी घेतात आणि नफ्यातला साधारण वीस टक्के वाटा. दहा कंपन्यांपैकी सहा-सात बुडाल्या तरी चालतं, पण एखादी पन्नासपट, शंभरपट व्हायला हवी. या पद्धतीचं आद्य उदाहरण म्हणजे जॉर्ज डोरिओ यांच्या कंपनीने १९५७ मध्ये डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीत घातलेले ७०,००० डॉलर. त्याचे पुढे कोट्यवधी झाले. अमेरिकन पेन्शन फंडांना असल्या जोखमीच्या जागी पैसा लावायची मोकळीक १९७९ मध्ये मिळाली आणि सिलिकॉन व्हॅलीत पैशाचा पूर आला.

या हिशेबात रॉकेट बसतच नाही. सॉफ्टवेअर चुकलं तर रात्री दुरुस्त करून सकाळी पुन्हा चालवता येतं. रॉकेट चुकलं तर दीड-दोन वर्षं आणि काही कोटी डॉलर गेले. दहा वर्षांच्या घड्याळात अशा किती चुका मावतात? शिवाय शेवटी हिस्सा विकायचा कोणाला, हा प्रश्न उरतोच.

त्यामुळे खासगी रॉकेटांचा सुरुवातीचा पैसा भलत्याच वाटांनी आला. जर्मनीतल्या लुट्झ कायझरने १९७५ मध्ये ओट्राग नावाची कंपनी काढली. गुंतवणूकदार होते शेकडो जर्मन करदाते, आणि आकर्षण होतं करसवलतीचं. रॉकेट उडो वा न उडो, कर वाचायचा. उड्डाणासाठी झाईरमध्ये, म्हणजे आजच्या काँगोत, मोबुटूच्या राजवटीकडून प्रचंड जमीन घेतली. १९७७ मध्ये पहिली चाचणी झाली. जून १९७८ मध्ये मोबुटूच्या डोळ्यांसमोर एक रॉकेट पडलं. जर्मन कंपनी आफ्रिकेत रॉकेट उडवते म्हटल्यावर सोव्हिएत रशियाचा तिळपापड झाला आणि १९७९ मध्ये झाईरने त्यांना बाहेर काढलं. कंपनी पुढे लिबियात गेली. यावर अजून कोणी वेब सिरीज कशी काढली नाही, कळत नाही.

अमेरिकेत हे काम टेक्ससच्या लोकांनी केलं. ह्यूस्टनचे बिल्डर डेव्हिड हॅना यांनी ओळखीच्यांकडून पैसा उभा केला. तेल, जमिनी, गुरं यांत कमावलेली ही माणसं. विहीर खणली तर तेल लागेल किंवा नाही लागणार, हा जुगार त्यांच्या अंगवळणी पडलेला. १९८१ मध्ये त्यांचं पर्शेरॉन हे पहिलं रॉकेट चाचणीतच फुटलं. मग त्यांनी जुना मार्ग धरला: नासाकडून मिनिटमन क्षेपणास्त्राची शिल्लक मोटर विकत घेतली आणि कंपनीच्या प्रमुखपदी डीक स्लेटन यांना बसवलं. स्लेटन हे अमेरिकेच्या पहिल्या सात अंतराळवीरांपैकी एक, गॉर्डन कूपर यांचे सोबती. ९ सप्टेंबर १९८२ रोजी मॅटागोर्डा बेटावरून कोनेस्टोगा १ उडालं, ३०० किलोमीटरच्या वर गेलं आणि दहा मिनिटांत ठरल्याप्रमाणे समुद्रात उतरलं. खासगी पैशाने अवकाशात गेलेलं हे पहिलं रॉकेट. त्यात माल काय होता? पाणी!

परवानगीची गंमत वेगळीच. खासगी रॉकेटला परवाना कोणी द्यायचा हेच ठरलेलं नव्हतं, त्यामुळे अनेक सरकारी खात्यांचे उंबरठे झिजवावे लागले. रॉकेट देशाबाहेर जाणार, म्हणून निर्यातीचा परवानासुद्धा काढावा लागला. या गोंधळातूनच पुढे १९८४ चा व्यावसायिक उड्डाण कायदा आला.

आणि तरीही कंपनी पुढे सरकली नाही. रॉकेट उडालं होतं, परवाने मिळाले होते, नाव झालं होतं. गिऱ्हाईक नव्हतं. त्याच काळात नासा स्पेस शटलमधून व्यावसायिक उपग्रह पडत्या भावात सोडत होती. सरकारच स्वस्तात माल वाहून नेतंय म्हटल्यावर ह्यूस्टनच्या मंडळींकडे कोण येणार? चॅलेंजर अपघातानंतर १९८६ मध्ये रेगन सरकारने शटलमधून असे उपग्रह सोडणं थांबवलं, पण तोवर उशीर झाला होता. कोनेस्टोगा हे नाव पुढे दुसऱ्या कंपनीकडे गेलं. १९९५ मध्ये त्या नावाचं मोठं रॉकेट उडालं आणि ४६ सेकंदांत तुटलं.

नव्वदच्या दशकात गिऱ्हाईक सापडल्यासारखं वाटलं. इरिडियम, ग्लोबलस्टार, टेलेडेसिक अशा कंपन्या डझनांनी, शेकड्यांनी उपग्रह सोडणार होत्या. मग एवढी रॉकेटं लागणार, म्हणून नव्या रॉकेट कंपन्या निघाल्या. त्यातली किस्लर एरोस्पेस १९९३ ची, पुन्हा वापरता येणारं रॉकेट बांधणारी, अपोलोच्या काळातले दिग्गज जमवलेली. इरिडियमने सेवा सुरू केली नोव्हेंबर १९९८ मध्ये आणि दिवाळखोरी जाहीर केली ऑगस्ट १९९९ मध्ये. सुमारे पाच अब्ज डॉलर खर्चून उभी केलेली ती यंत्रणा पुढे अवघ्या अडीच कोटींना विकली गेली. पाठोपाठ इतरही कोसळल्या. गिऱ्हाईक मेलं, मग दुकानदार मेले. किस्लरने २००३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. टेक्ससचे बँकर अँड्र्यू बील यांनी आपल्या खिशातून रॉकेट कंपनी काढली होती, त्यांनी २००० मध्येच शटर ओढलं. जाताना सांगून गेले की सरकार स्वतःच्या लाडक्या प्रकल्पांना पैसा देत असताना खासगी माणसाने स्पर्धा करण्यात अर्थ नाही.

२००२ मध्ये मस्कने स्पेसएक्स काढली तेव्हा ही सगळी थडगी समोर होती. पेपाल ईबेला विकून मिळालेल्या पैशातून त्याने सुमारे दहा कोटी डॉलर यात घातले. व्हीसी नव्हतेच. फुशारकी म्हणून नाही, त्या काळात दुसरा पर्यायच नव्हता.

आता मला या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. तो सहसा दोन ओळींत उरकला जातो.

२००४ मध्ये नासाने दिवाळखोर किस्लरला स्पर्धा न घेता कंत्राट देऊ केलं. स्पेसएक्सने तक्रार केली, आणि नासाला ते मागे घ्यावं लागलं. मग नासाने पद्धत बदलली. शटल निवृत्त होणार, अवकाश स्थानकाला सामान तर पोचवायचं. ऑगस्ट २००६ मध्ये दोन कंपन्या निवडल्या: स्पेसएक्सला २७.८ कोटी डॉलरपर्यंत आणि नव्या मालकाकडे गेलेल्या रॉकेटप्लेन किस्लरला २०.७ कोटींपर्यंत. अट अशी की पैसे टप्प्याटप्प्याने, ठरलेलं काम दाखवल्यावरच. एकेका टप्प्याची किंमत आधीच लिहिलेली. आणि उरलेला खर्च कंपनीने खासगी बाजारातून उभा करायचा. बाजारातून पैसा आणणं हासुद्धा एक टप्पाच होता.

किस्लरचं रॉकेट कागदावर स्पेसएक्सपेक्षा पुढे होतं, असं मानणारे तेव्हा बरेच होते. पण त्यांना खासगी गुंतवणूकदार मिळाले नाहीत. ऑक्टोबर २००७ मध्ये नासाने त्यांचा करार संपवला आणि उरलेली रक्कम पुढे ऑर्बिटल सायन्सेसला दिली. दोन कंपन्या, एकच सरकारी योजना. एकीचा मालक स्वतःचे पैसे ओतू शकत होता, दुसरीला ते बाजारात मागावे लागले आणि बाजाराने दिले नाहीत.

म्हणून ऑगस्ट २००८ चे ते दोन कोटी मला शौर्याचे वाटत नाहीत, हुशारीचे वाटतात. फाउंडर्स फंडला माहीत होतं की समोरच्या कंपनीच्या वहीत नासाचा करार आहे, टप्पे पूर्ण होताहेत आणि मोठं कंत्राट येऊ घातलंय. तरी धोका होताच, हे मान्य. चौथं रॉकेट विमानाने बेटावर नेताना हवेच्या दाबाने त्याची टाकी चेपली, ती तिथेच दुरुस्त करावी लागली. उपग्रहसुद्धा खरा नव्हता, १६५ किलोचा नुसता वजनाचा ठोकळा. तो कक्षेत गेला. २३ डिसेंबर २००८ रोजी, जग मंदीत बुडालेलं असताना, नासाने स्पेसएक्सला बारा फेऱ्यांसाठी १.६ अब्ज डॉलरचं कंत्राट दिलं. ऑर्बिटलला आठ फेऱ्यांसाठी १.९ अब्ज. दोन कोटी आणि १६० कोटी हे आकडे शेजारी ठेवून पाहा. कंपनी कोणी वाचवली?

यानंतरच अनोळखी व्हीसी आले. २०१४ मध्ये गुगलने स्कायबॉक्स ही उपग्रह कंपनी सुमारे ५० कोटी डॉलरला घेतली, आणि हिस्सा विकायचा कोणाला या जुन्या प्रश्नाला उत्तर मिळालं. जानेवारी २०१५ मध्ये गुगल आणि फिडेलिटी यांनी स्पेसएक्समध्ये एक अब्ज डॉलर घातले. मग झुंबड. २०२१ मध्ये कमाई नसलेल्या रॉकेट कंपन्यासुद्धा मागच्या दाराने शेअर बाजारात पोचल्या. त्यातली रॉकेट लॅब टिकली. व्हर्जिन ऑर्बिट एप्रिल २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. अस्ट्राचे शेअर अखेर अर्ध्या डॉलरला परत घेतले गेले. लवकर बाहेर पडलेल्यांनी कमावलं. मोबाइलवर शेअर घेणारी तुमच्या-माझ्यासारखी माणसं उशिरा आत गेली.

आपल्याकडे ही वाट २०२० मध्ये उघडली, खासगी कंपन्यांना अवकाशक्षेत्र खुलं झालं तेव्हा. हैदराबादची स्कायरूट इस्रोतून बाहेर पडलेल्या दोघांनी २०१८ मध्ये काढली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये सिंगापूरच्या जीआयसीने तिला ५.१ कोटी डॉलर दिले आणि दोनच महिन्यांनी, १८ नोव्हेंबरला, विक्रम-एस ८९.५ किलोमीटर उंच गेलं. चेन्नईच्या अग्निकुलने चार वेळा रद्द झालेलं उड्डाण ३० मे २०२४ रोजी करून दाखवलं. मुंबईची मनस्तू स्पेस आयआयटीच्या विद्यार्थी-उपग्रहाच्या चमूतून उभी राहिली, ती उपग्रहांसाठी कमी विषारी इंधनावरची इंजिनं बनवते. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने अवकाश स्टार्टअपसाठी १,००० कोटी रुपयांच्या व्हेंचर फंडाला मंजुरी दिली. साधारण चाळीस कंपन्यांना, पाच वर्षांत.

बातमी आली तेव्हा सगळीकडे जल्लोष होता. मी मात्र मनात वालचंदनगर आणि विक्रोळी आठवत होतो. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरचा कारखाना, साखर कारखान्यांची यंत्रं बनवणारा, १९७० च्या दशकापासून इस्रोसाठी रॉकेटच्या मोटरांची कवचं बनवतो आहे. विक्रोळीच्या गोदरेजमध्ये विकास इंजिनं बनतात. त्यांना व्हीसीने कधी पैसा दिला नाही. त्यांच्याकडे इस्रोची ऑर्डर होती. त्या ऑर्डरवर यंत्रं आली, वेल्डर तयार झाले. ते शंभरपट झाले नाहीत, आणि बुडालेही नाहीत.

फंडातला पैसा सरकारी असला तरी तो हिस्सा घेऊन येतो आणि कधीतरी परत मागतो. ऑर्डर परत मागत नाही, फक्त माल मागते. त्याच ऑक्टोबरमध्ये आणखी एक मंजुरी झाली, तिच्यावर जल्लोष कमी झाला: ५२ टेहळणी उपग्रहांची, ज्यातले ३१ खासगी कंपन्यांनी बांधायचे आहेत.