भाषणरचना, ग्रीक-रोमन

जाहीर भाषणातील आशयाची विशिष्ट क्रमाने मांडणी करण्याचे तंत्र. प्राचीन ग्रीस व रोम येथे वक्तृत्वशास्त्राचे एक अंग म्हणून त्याचा पद्धतशीर विचार झाला. परंपरेनुसार त्याचा उगम सिसिलीतील सिराक्यूस येथे इ. स. पू. पाचव्या शतकाच्या मध्यास झाला. तेथील जुलमी राजवट कोसळल्यावर बळकावलेल्या जमिनींविषयी अनेक दावे उभे राहिले व सामान्य नागरिकांना न्यायसभेपुढे आपली बाजू मांडणे भाग पडले. त्यांच्या साहाय्यार्थ कोरॅक्स व त्याचा शिष्य टिसिअस यांनी भाषणाचे भाग ठरवून दिले, असे मानले जाते.

अथेन्समध्येही पक्षकारास सामान्यतः स्वतःच बोलावे लागे. लिसिअससारखे लेखक मोबदला घेऊन भाषणे लिहून देत. ती म्हणून मात्र पक्षकारच दाखवी. बोलण्याचा अवधी जलघटिकेने मोजला जात असल्यामुळे कोणता मुद्दा आधी व कोणता नंतर, ह्यास मोठे व्यावहारिक महत्त्व होते. ॲरिस्टॉटलने (इ. स. पू. ३८४–३२२) विषयाचे निवेदन व त्याची सिद्धता हे दोनच भाग आवश्यक मानले, प्रास्ताविक व समारोप धरून ते फार तर चार होतात, असे त्याचे मत होते.

मुद्द्यांच्या क्रमाचे महत्त्व इ. स. पू. ३३० मधील एका खटल्यात विशेष स्पष्ट झाले. डिमॉस्थिनीझला राष्ट्रसेवेबद्दल सुवर्णमुकुट द्यावा, असा ठराव टेसिफॉनने मांडला होता. कारभाराची तपासणी होण्यापूर्वी अधिकाऱ्याचा असा गौरव करणे बेकायदेशीर आहे, असा आक्षेप इस्किनीझने घेतला. कायद्याच्या दृष्टीने हा आक्षेप भक्कम होता. म्हणून प्रतिपक्षाने आरोपांच्याच क्रमाने उत्तर द्यावे, अशी मागणी त्याने केली. उलट, दोन्ही बाजू सारख्याच ऐकण्याच्या पंचांच्या शपथेत वक्त्याचे मांडणीचे स्वातंत्र्य अभिप्रेत आहे, असा दावा डिमॉस्थिनीझने केला. आरंभी त्याने मॅसिडोनियाविरोधी धोरणाचे समर्थन केले, कायद्याचा नाजूक मुद्दा मध्यभागी थोडक्यात हाताळला आणि पुन्हा देशहिताच्या प्रश्नाकडे वळून शेवट केला. इस्किनीझला एकपंचमांश मतेही मिळाली नाहीत व त्याला अथेन्स सोडावे लागले.

रोमन लेखकांनी ह्या अनुभवाला नियमांचे रूप दिले. सिसरोने (इ. स. पू. १०६–४३) तरुणपणीच्या ग्रंथात प्रास्ताविक, घटनानिवेदन, मुद्द्यांची विभागणी, प्रतिपादन, खंडन व समारोप असे सहा भाग सांगितले. प्रास्ताविकाने श्रोत्यांना अनुकूल, एकाग्र व ग्रहणोत्सुक करावे. निवेदन संक्षिप्त, स्पष्ट व संभाव्य वाटणारे असावे, असे त्याचे प्रतिपादन आहे. त्याच शतकातील एका अज्ञातकर्तृक ग्रंथात प्रबळ युक्तिवाद आरंभी व अखेरीस आणि दुर्बल युक्तिवाद मध्ये ठेवावेत, असे सांगितले आहे. होमरच्या इलियडमध्ये नेस्टॉर कच्च्या योद्ध्यांना सैन्याच्या मध्यभागी उभे करतो; त्यावरून क्विंटिल्यनने (पहिले शतक) ह्या क्रमास ‘होमरी’ म्हटले. तथापि कोणताही क्रम सर्व प्रसंगी लागू पडत नाही. सेनापतीप्रमाणे वक्त्यानेही प्रसंग पाहून व्यूह रचावा, अशी त्याची भूमिका होती.

मध्ययुगात हीच विभागणी पत्रलेखनाच्या शिक्षणात उपयोगात आणली गेली. प्रास्ताविक, प्रतिपादन व समारोप ही आजची रूढ त्रिविध मांडणी तिचेच संक्षिप्त रूप होय.