बुटा मलिकची गोष्ट आणि पहलगामची वाट

पहलगामला जाऊन आलेल्या बहुतेकांना बुटा मलिकची गोष्ट ऐकायला मिळते. मलाही ती घोडेवाल्यानेच सांगितली. बुटा मलिक नावाच्या मुसलमान मेंढपाळाला डोंगरात एक साधू भेटला. साधूने त्याला कोळशाने भरलेली पिशवी दिली. घरी येऊन पाहतो तर कोळशाचे सोने झालेले! साधूचे आभार मानायला तो परत गेला, तेव्हा तिथे साधू नव्हता, अमरनाथाची गुहा होती. ही घटना साधारण १८५० सालची सांगतात.

आपल्याकडे हिंदू-मुस्लिम ऐक्याच्या भाषणांत ही कथा हमखास येते. मुसलमान म्हणून ती मलाही सुखावते. पण इतिहासाच्या कसोटीवर ती टिकत नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. कल्हणाची 'राजतरंगिणी' बाराव्या शतकातली. तीत सुश्रवा नागाच्या सरोवराचे वर्णन आहे. अमरेश्वराच्या यात्रेला जाणाऱ्यांना ते सरोवर आजही दिसते, असे कल्हण लिहितो. हेच आजचे शेषनाग. म्हणजे बुटा मलिकच्या सातशे वर्षे आधी लोक या वाटेने जात होते. अकबराच्या दरबारातला अबुल फजल 'आईन-ए-अकबरी'त अमरनाथची गुहा आणि चंद्राच्या कलेबरोबर वाढणारे, घटणारे बर्फाचे लिंग यांची नोंद करतो. जे स्थान मुघल दरबाराला सोळाव्या शतकात ठाऊक होते, त्याचा शोध एकोणिसाव्या शतकात लागला असे कसे म्हणता येईल?

या मुद्द्यावर काही जण लगेच म्हणतात, "म्हणजे मलिकांची कथा ही थाप आहे, मुसलमानांचा अमरनाथशी काही संबंध नाही." हेही तितकेच चूक आहे. दंतकथा बाजूला ठेवली तरी व्यवहार उरतोच. पहलगामजवळच्या बटकोट गावातल्या मलिक घराण्याला गुहेतल्या दानाचा हिस्सा पिढ्यान्‌पिढ्या मिळत होता. दुसरे हिस्सेदार होते मट्टनचे पुरोहित आणि दशनामी आखाड्याचे महंत. उंच डोंगरातली वाट चालती ठेवायची आणि यात्रेकरूंना सांभाळायचे, हे काम मलिकांकडे होते. २००० साली अमरनाथ देवस्थानासाठी कायदा झाला, मंडळ आले आणि हा हिस्सा संपला. श्रावणी पौर्णिमेला आखाड्याची जी छडी गुहेत पोचते तिचे नाव मात्र अजून 'छडी मुबारक' असेच आहे.

मी अनंतनागहून पहलगामला गेलो ती वाटच या इतिहासाची साक्ष देते. आधी मट्टन लागते. तिथल्या झऱ्यात मासे आहेत, काठावर मंदिर आहे आणि वरच्या पठारावर आठव्या शतकात ललितादित्याने बांधलेल्या मार्तंड सूर्यमंदिराचे अवशेष. या पठारापर्यंत लिद्दर नदीचे पाणी कालव्याने आणले ते पंधराव्या शतकातल्या सुलतान झैन-उल-आबिदीनने. त्याला काश्मिरी लोक 'बडशाह' म्हणतात.

पुढे ऐशमुकाम. टेकडीवरच्या गुहेत झैनुद्दीन वलींचा दर्गा आहे. ते शेख नूरुद्दीन ऊर्फ नुंद ऋषी यांचे शिष्य. मुसलमान संतांच्या परंपरेला 'ऋषी' हे नाव, यावर आपल्याकडच्या वाचकाने जरा थांबून विचार करावा. वसंतात इथे 'झूल' भरतो, तेव्हा गावकरी पेटत्या मशाली घेऊन टेकडी चढतात. ज्या अबुल फजलने अमरनाथची नोंद केली त्यानेच या ऋषींचेही कौतुक केले आहे: ते मांस खात नाहीत आणि लोकांसाठी फळझाडे लावतात. मग पहलगाम. नदीपलीकडे मामल गावात महादेवाचे छोटे, जुने दगडी मंदिर आहे.

हे सारे २२ एप्रिल २०२५ नंतर लिहिणे सोपे नाही. बैसरनच्या कुरणावर २६ माणसे मारली गेली. त्यांत सहा जण आपल्या महाराष्ट्राचे होते. धर्म विचारून गोळ्या घातल्या गेल्या. मारणारे इस्लामचे नाव घेत होते, हे मुसलमानांनी आडपडदा न ठेवता बोलले पाहिजे. त्या दिवशी मेलेल्यांत एक स्थानिक मुसलमान घोडेवालाही होता. पर्यटकांना वाचवायला तो पुढे झाला होता. या दोन गोष्टींपैकी एकच सांगणारा अर्धा इतिहास सांगतो.

ऐक्य सिद्ध करायला आपल्याला बुटा मलिकच्या सोन्याच्या पिशवीची गरज नाही. चंदनवाडीपासून पिस्सू टॉपची चढण, शेषनाग, पंचतरणी ही वाट म्हातारी यात्रेकरू बाई चढते तेव्हा तिच्या घोड्याचा लगाम बहुधा मुसलमानाच्या हातात असतो. तो हे पोटासाठी करतो. माझ्या घोडेवाल्यानेही तसेच सांगितले: हंगामाचे दोन-अडीच महिने चालले तर वर्ष निभते. मला हा पोटाचा धागा दंतकथेपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. मारेकऱ्यांनी घाव घातला तो याच धाग्यावर.

पुढे कधी तिकडे जाणे झाले तर गाडी थेट पहलगामला नेऊ नका. मट्टनला उतरा, ऐशमुकामच्या पायऱ्या चढा, मामलच्या मंदिरात जाऊन या. अर्धा दिवस जादा लागेल, इतकेच.