पत्र निघाले, पण पोहोचले का? ई-मेलच्या वहनाचा इतिहास आणि लहान उद्योजकाचा सर्व्हर

कोइम्बतूरमध्ये पंप बनवणारा छोटा कारखाना असो, राजकोटमध्ये यंत्रांचे सुटे भाग घडवणारा असो किंवा इचलकरंजीतला एखादा यंत्रमागधारक असो; आज प्रत्येकाचे दरपत्रक आणि बिल ई-मेलनेच जाते. काहींनी स्वतःच्या नावाचे डोमेन घेतले आहे, कोपऱ्यातल्या खोलीत किंवा भाड्याच्या जागेत स्वतःचा मेल सर्व्हरही चालवला आहे. मग एके दिवशी ग्राहक कळवतो, ‘आपले दरपत्रक आलेच नाही.’ इकडे पाहावे तर पत्र ‘पाठवले’ असे दिसते. या दोन विधानांच्या मध्ये पत्र कुठे हरवते, हा प्रश्न वरवर तांत्रिक आहे. पण त्याचे उत्तर समजून घ्यायचे तर इतिहासातच शिरावे लागते. कारण आज सर्व्हरवर जी जी गोष्ट तपासावी लागते, ती प्रत्येक कोणत्या तरी वर्षी, कोणत्या तरी गैरवापरानंतर किंवा वाढीच्या गरजेतून त्या व्यवस्थेत आलेली आहे.

१९७१ मध्ये अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावरील व्यक्तीला संदेश पाठवला आणि व्यक्तीचे नाव व यंत्राचे नाव यांच्यामध्ये @ हे चिन्ह बसवले. त्यानंतर ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपी हा नियमसंच प्रसिद्ध केला. आजही जगातील ई-मेल त्याच्याच सुधारित रूपावर चालते. त्याची रचना दोन शिपायांच्या संभाषणासारखी आहे. पाठवणारा सर्व्हर आधी आपले नाव सांगतो, मग पत्र कोणाकडून आहे ते सांगतो, मग कोणाला द्यायचे ते सांगतो आणि शेवटी मजकूर सोपवतो. प्रत्येक वाक्याला समोरचा सर्व्हर तीन अंकी उत्तर देतो. दोनने सुरू होणारा अंक म्हणजे स्वीकार, चारने सुरू होणारा म्हणजे ‘आत्ता नाही, नंतर या’ आणि पाचने सुरू होणारा म्हणजे ठाम नकार.

या संभाषणात एक गोष्ट मुळातच नव्हती: पाठवणारा जे नाव सांगतो ते त्याचेच आहे का, याची तपासणी. टपालाच्या पाकिटावर प्रेषक म्हणून कोणीही काहीही लिहू शकतो, तसेच हे. त्या काळी जाळ्यावर विद्यापीठे, संशोधनसंस्था आणि लष्करी प्रयोगशाळा होत्या. बहुतेक जण एकमेकांना ओळखत होते. अशा गावात कुलूप कोण लावतो?

भारतात ई-मेल आले तेही अशाच विश्वासाच्या वातावरणात. १९८६ मध्ये तत्कालीन इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ‘अर्नेट’ हा शैक्षणिक जाळ्याचा प्रकल्प हाती घेतला. त्यात मुंबई, दिल्ली, कानपूर, खरगपूर आणि मद्रास येथील पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईच्या जुहूमधील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र म्हणजे एनसीएसटी आणि स्वतः इलेक्ट्रॉनिक्स विभाग अशा आठ संस्था होत्या. एनसीएसटीचे संचालक श्रीनिवासन रमणी हे या कार्याच्या अग्रभागी होते. पुढे २०१४ मध्ये त्यांचा ‘इंटरनेट हॉल ऑफ फेम’मध्ये समावेश झाला. अर्नेटची पहिली सेवा ई-मेलचीच होती. संगणक साध्या दूरध्वनी तारेवरून एकमेकांना फोन लावत, साठलेली पत्रे देत-घेत आणि फोन ठेवून देत. या यूयूसीपी पद्धतीत पत्त्याच्या जागी पुष्कळदा संपूर्ण मार्गच लिहावा लागे: अमुक यंत्राकडून तमुककडे, तिथून पुढे, मधोमध उद्गारचिन्हे. वाटेतले प्रत्येक यंत्र अनोळखी माणसाचे पत्र विनामोबदला पुढे नेत असे. १९९१ मध्ये दिल्ली व मुंबई यांच्यात ९.६ किलोबिट प्रतिसेकंद वेगाची पहिली भाड्याची वाहिनी सुरू झाली. आज एक साधे छायाचित्र ज्या वाहिनीवर अडकून पडेल, तिच्यावर दोन महानगरांतील शास्त्रज्ञांचा पत्रव्यवहार चालत होता.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य नागरिकांसाठी इंटरनेट खुले केले. योगायोग असा की बरोबर तेवीस वर्षांपूर्वी, १५ ऑगस्ट १९७२ रोजी, श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून देशात पिनकोड सुरू झाला होता. एकसारख्या नावांच्या असंख्य गावांमुळे कागदी पत्रे भरकटत. त्यावर सहा अंकांचा तोडगा निघाला. ई-मेलच्या जगातही पत्त्याची शिस्त आधी आली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस ही नावांची व्यवस्था मांडली आणि जानेवारी १९८६ मध्ये क्रेग पार्ट्रिज यांनी त्यात एमएक्स नोंदीचा उपयोग निश्चित केला. अमुक डोमेनचे टपाल कोणत्या यंत्रावर उतरवायचे, हे ती नोंद सांगते. पत्ता शोधण्याचा प्रश्न सुटला. प्रेषक ओळखण्याचा मात्र तसाच राहिला.

त्याची किंमत पुढे चुकवावी लागली. मे १९७८ मध्येच गॅरी थुर्क या विक्री-अधिकाऱ्याने अर्पानेटवरील सुमारे ४०० जणांना संगणकाची जाहिरात पाठवली होती. तेव्हा ती केवळ शिष्टाचाराची चूक ठरली. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस कृमी पसरला, त्याने वापरलेल्या वाटांपैकी एक ‘सेंडमेल’ या सर्वाधिक प्रचलित मेल प्रणालीतील फट होती. नव्वदच्या दशकात जाहिरातदारांच्या लक्षात आले की जगभरातील सर्व्हर कोणाचेही पत्र पुढे नेतात. मदतीसाठी उघडे ठेवलेले दार लुटारूंची वाट झाले. १९९७ मध्ये पॉल व्हिक्सी यांनी अशा सर्व्हरांच्या आयपी पत्त्यांची नकारसूची चालू केली, १९९८ मध्ये लंडनमध्ये ‘स्पॅमहाउस’ प्रकल्प सुरू झाला, आणि त्याच वर्षी सेंडमेलच्या नव्या आवृत्तीने परक्याचे पत्र पुढे नेणे मुळातच बंद करून टाकले. अनोळखी माणसाचे पत्र पोहोचवण्याची जुनी रीत अशा तऱ्हेने संपली.

भारतीय लहान उद्योजकाला या घटनाक्रमाचा फटका एका खास कारणाने बसला. घरगुती ब्रॉडबँड देशभर पसरला, पण त्यावरील असंख्य संगणक विषाणूंनी ग्रासलेले होते आणि मालकाच्या नकळत स्पॅम पाठवत होते. २०१२ च्या पहिल्या तिमाहीत सोफोस या सुरक्षा कंपनीच्या यादीत स्पॅम पुढे पाठवणाऱ्या देशांत भारत पहिला होता. ज्या आयपी पत्त्यांच्या गटातून असा कचरा निघतो, तो सारा गटच संशयास्पद ठरतो. शेजारच्या संगणकाच्या दोषामुळे प्रामाणिक कारखानदाराचे दरपत्रक परत येऊ लागले.

कायद्याने याबाबत फारसे काही केले नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६अ मध्ये ई-मेलच्या मूळ स्रोताविषयी दिशाभूल करण्याला शिक्षा होती. पण त्या कलमाची भाषा इतकी सैल होती की सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर संपूर्ण रद्द केले. ओळख पटवण्याचे काम अखेर तंत्रज्ञांनाच करावे लागले, आणि ते तीन टप्प्यांत झाले.

पहिला टप्पा एसपीएफ. ‘आमच्या नावाने पत्र पाठवण्याचा अधिकार या यंत्रांना आहे’ अशी जाहीर यादी डोमेनच्या मालकाने डीएनएसमध्ये लावायची. २००६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ती पाकिटावरचा प्रेषक तपासते. दुसरा टप्पा २००७ मधील डीकेआयएम. पूर्वी दस्तऐवजावर लाखेची मोहोर उठवत, तशी ही गणिती मोहोर पत्रावर उमटते. खासगी किल्ली सर्व्हरकडे आणि पडताळणीची किल्ली डीएनएसमध्ये. वाटेत मोहोरबंद मजकूर बदलला तर ती जुळत नाही. तिसरा टप्पा डीमार्क. २०१२ मध्ये त्याची घोषणा झाली आणि २०१५ मध्ये तो दस्तऐवजरूपाने आला. पाकिटावर एक नाव आणि आतल्या पत्रशीर्षावर दुसरे, ही जुनी फसवणूक तो पकडतो. वाचकाला दिसणारे नाव एसपीएफ किंवा डीकेआयएमने सिद्ध झालेल्या नावाशी जुळले पाहिजे, आणि न जुळल्यास पत्राचे काय करावे हेही मालकच सांगून ठेवतो.

हा इतिहास ध्यानात घेतला की न पोहोचलेल्या पत्राचा शोध सोपा होतो. कारण शोधाचा क्रम बराचसा इतिहासाच्या क्रमानेच जातो. प्रथम सर्व्हरची नोंदवही उघडावी आणि १९८२ चे ते तीन अंक वाचावेत. चारने सुरू होणारे उत्तर असेल तर घाई करू नये. प्रचलित नियमांनुसार सर्व्हरने चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करणे अपेक्षित आहे. पाचचे उत्तर असेल तर त्यापुढचे वाक्य नीट वाचावे, कारण बहुधा कारण तिथेच लिहिलेले असते. दोनचे उत्तर असेल तर समोरच्या सर्व्हरने पत्र घेतलेले आहे. ते ग्राहकाच्या स्पॅम कप्प्यात शोधावे लागेल. उत्तरच आले नसेल आणि जोडणीच होत नसेल, तर २५ क्रमांकाचे पोर्ट बंद असण्याची शक्यता मोठी. स्पॅम रोखण्यासाठी अनेक इंटरनेट सेवादार व क्लाउड कंपन्या ते मुळातच बंद ठेवतात.

मग डीएनएसकडे वळावे. आयपी पत्त्यावरून नावाकडे नेणारी पीटीआर नोंद आहे का, आणि सर्व्हर संभाषणाच्या आरंभी जे नाव सांगतो त्याच्याशी ती जुळते का? ही नोंद डोमेनचा मालक करू शकत नाही. ज्याच्याकडून आयपी पत्ता घेतला त्या सेवादाराला सांगून करवून घ्यावी लागते, आणि नेमकी इथेच पुष्कळांची गाडी अडते. त्यानंतर आपला पत्ता एखाद्या नकारसूचीत आहे का ते पाहावे. असल्यास आधी कारण दूर करावे, मगच नाव काढण्याची विनंती करावी. उलट क्रमाने गेल्यास नाव पुन्हा चढते. एसपीएफमध्ये दोन चुका नेहमी आढळतात: एकाच डोमेनला दोन वेगवेगळ्या एसपीएफ नोंदी लावणे, आणि नोंदीतून होणाऱ्या डीएनएस विचारणांची दहाची मर्यादा ओलांडणे. शिवाय हिशेबाचे सॉफ्टवेअर किंवा संकेतस्थळावरील चौकशीचा अर्ज तिसऱ्याच यंत्रावरून पत्रे पाठवत असेल, तर ते यंत्र यादीत आहे का हे कोणी पाहिलेलेच नसते. डीमार्कचे धोरण आरंभी केवळ निरीक्षणाचे ठेवावे, येणारे अहवाल वाचावेत, आणि आपली सर्व वैध पत्रे जुळतात अशी खात्री झाल्यावरच कडक करावे.

एवढे सगळे करूनही एक प्रश्न उरतो, आणि तो तांत्रिक नाही. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी त्यांच्या सेवेवर येणाऱ्या पत्रांसाठी प्रेषक-पडताळणी सक्तीची केली. दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना तिन्ही टप्पे अनिवार्य झाले. मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनेही तोच मार्ग धरला. या नियमांनी फसवणुकीला आळा बसतो, यात शंका नाही. परंतु टपालाचे नियम आता मोजक्या कंपन्या ठरवतात. सर्व नोंदी निर्दोष असलेला लहान सर्व्हरही केवळ नवखा आहे, त्याची पत्रे थोडी आहेत, एवढ्याच कारणाने संशयित ठरू शकतो. कंटाळून उद्योजक आपला सर्व्हर बंद करतो आणि त्याच कंपन्यांपैकी एकीचा ग्राहक होतो. जे जाळे एकेकाळी जुहूच्या केंद्राला आणि खरगपूरच्या संस्थेला समान पायरीवर उभे करत होते, त्यात स्वतःचे टपालघर चालवण्याचा हक्क कागदावर शाबूत असून व्यवहारात आक्रसत चालला आहे.

आपल्या भाषेचाही त्यात वाटा आहे. देवनागरीतील ‘.भारत’ हे डोमेन २०१४ मध्ये सुरू झाले. देवनागरी ई-मेल पत्त्यांसाठीचे नियम त्याआधी, २०१२ मध्येच तयार होते. पण समोरचा सर्व्हर ते मानत नसेल तर असा पत्ता असलेले पत्र परत येते. मराठी पत्त्यावर पत्रव्यवहार करू इच्छिणाऱ्यासाठी पत्र न पोहोचण्याचे हे आणखी एक कारण, आणि त्यावर उपाय त्याच्या एकट्याच्या हाती नाही.

तरीही जे हाती आहे ते सोडू नये. नोंदवही वाचता येणे, आपल्या नावाच्या डीएनएस नोंदी स्वतःच्या ताब्यात असणे आणि त्या का आहेत हे ठाऊक असणे, एवढे साधले तर सेवा कोणाचीही घेतली तरी नाव आपलेच राहते. आपल्या संस्थेच्या डोमेनच्या नोंदी कोणाच्या खात्यात आहेत आणि शेवटच्या कोणी, कधी पाहिल्या, एवढे आज तपासून घ्यावे; पुढच्या दरपत्रकाचा प्रवास त्यावर अवलंबून आहे.