ब्रह्मपुरीचा सागरदेव आणि आपले कर्तव्य

कसबा बावड्याचा आणि समुद्राचा संबंध काय, असा प्रश्न आपल्या ज्ञातिबांधवांपैकी पुष्कळांना पडेल. कोकणकिनारा सह्याद्रीपलीकडे राहिला. आपली पंचगंगाही नरसोबाच्या वाडीस कृष्णेला मिळून पूर्वेकडे निघून जाते. तथापि आपल्याच नदीकाठी, बावड्याच्या वरच्या अंगास असलेल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीत ग्रीकांच्या सागरदेवाची, पोसायडनची, ब्राँझची लहानशी मूर्ती सापडली, ही गोष्ट प्रत्येक कुटुंबाने आपल्या मुलाबाळांस सांगावी अशी आहे.

ब्रह्मपुरीच्या संशोधनात राजाराम कॉलेजचे प्रा. कुंदणगार यांनी पुढाकार घेतला. पुढे १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजचे डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनी तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले आणि त्याचा वृत्तांत १९५२ साली प्रसिद्ध झाला. सातवाहनकालीन विटांची घरे, नाणी, मणी, हत्तीवरील स्वारांचे सुबक ब्राँझशिल्प व हा सागरदेव अशी संपदा या टेकडीने दिली.

त्या काळी अरबी समुद्रातील मोसमी वाऱ्यांचा लाभ घेऊन रोमन साम्राज्यातील व्यापाऱ्यांची गलबते भडोच, कल्याण, चौल या बंदरांस लागत. किनाऱ्यावर उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून घाट चढून देशावर येई. बातमीही याच वाटांनी उलट जाई. कोल्हापुरास मिळालेल्या जुन्या नाण्यांवर विळिवायकुर या राजाचे नाव आहे; टॉलेमीच्या भूगोलात दक्षिणेतील बलेओकुरोस नामक राजा येतो, तो हाच असे अनेक विद्वान मानतात. आपल्या भागाचे नाव समुद्रापार पोहोचले होते, याची ही साक्ष होय.

हा संबंध पुढील काळातही तुटला नाही. शिवछत्रपतींनी १६६४ साली बांधावयास घेतलेला सिंधुदुर्ग पुढे करवीर छत्रपतींच्या ताब्यात होता. १८१२ च्या तहान्वये मालवणसह तो इंग्रजांकडे गेला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. गलबतांच्या लाकडासाठी रयतेची आंबा-फणसाची झाडे बळाने तोडू नयेत. झाड अगदी जीर्ण असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊनच घ्यावे, असा दंडक त्यात सांगितला आहे. अमात्यांचे बावडा म्हणजे घाटमाथ्यावरचे गगनबावडा, आपला कसबा नव्हे, हेही तरुणांनी ध्यानी ठेवावे. नामसादृश्यामुळे ही गल्लत वारंवार होते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. सापडलेली मूर्ती एखाद्या मोडीच्या दुकानी वितळली असती, तर वर लिहिलेल्यातील अर्धा इतिहास मुका राहिला असता. १९४६ साली कोल्हापुरात वस्तुसंग्रहालय स्थापन झाले. पुढे ते टाऊन हॉलच्या वास्तूत आले, म्हणून आज शाळकरी पोरालाही तो सागरदेव पाहता येतो. आम्ही शिक्षकी पेशात असताना विद्यार्थ्यांना तेथे नेत असू. पाठ्यपुस्तकातील रोम त्यांना परका वाटे. पण ‘ही मूर्ती ब्रह्मपुरीत निघाली’ एवढे सांगताच सारा वर्ग काचेभोवती गोळा होई.

आपल्या घरांतूनही इतिहास आहे. वाटणीपत्रे, इनामाचे कागद, मोडी वह्या, ताम्रपट, जुनी छायाचित्रे माळ्यावरील ट्रंकांत पडून आहेत. वाचता येत नाही म्हणून रद्दीत गेलेला कागद पुन्हा मिळत नाही. शिवाय आपल्याला पंचगंगेचा शेजार आहे. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. ती २०१९ व २०२१ साली पाण्याने कितीतरी ओलांडली. पूर दप्तर ओळखीत नाही.

म्हणून आमची नम्र सूचना अशी. प्रत्येक कुटुंबाने आपले कागद कोरड्या, उंच जागी ठेवावेत व त्यांची छायाचित्रे काढून एक प्रत संघाकडे द्यावी. मूळ कागद धन्याकडेच राहो. मोडी जाणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी दोन-चार तरुणांस ती लिपी शिकवावी. वार्षिक मेळाव्यात या वस्तूंचे लहानसे प्रदर्शन मांडावे आणि ते केवळ ज्ञातीपुरते न ठेवता साऱ्या गावास खुले करावे. पोसायडन कोणा एका घराण्याचा राहिला नाही, म्हणूनच तो सर्वांचा झाला. पेटीत कुलूपबंद ठेवलेला इतिहास वाळवीच्या उपयोगी पडतो. चारचौघांत मांडलेला पुढच्या पिढीच्या.