वनस्पतिनामे, शास्त्रीय (नांदेड व लातूर जिल्हे)

एका वनस्पतीची जगभर एकच ओळख राहावी म्हणून दिलेले लॅटिन धाटणीचे दोनपदी नाव. पहिले पद प्रजातीचे, दुसरे जातीचे. कार्ल लिनीअस या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या ‘स्पिशीज प्लांटारम’ (१७५३) या ग्रंथापासूनची नावे ग्राह्य मानतात. धाटणी लॅटिन असली, तरी मूळ शब्द अनेक भाषांतले असतात.

बरीच नावे पौर्वात्य भाषांतून आली. किनवट-माहूरच्या जंगलातील साग ‘टेक्टोना ग्रँडिस’ होय. त्यातील पहिले पद दक्षिण भारतीय ‘तेक्क’ या नावावरून पोर्तुगीजांमार्फत आले आणि ‘ग्रँडिस’ म्हणजे मोठा. मोहाच्या ‘मधुका’त संस्कृत ‘मधूक’ आहे. अर्धापूर भागातल्या केळीचे ‘म्यूसा’ अरबी ‘मौझ’वरून, हळदीचे ‘कुर्कुमा’ अरबी ‘कुर्कुम’वरून, तर लातूरच्या अडतीवर येणाऱ्या तुरीचे ‘कजानस’ शेंगधान्याच्या मलय नावावरून पडले. कडुनिंबाच्या ‘ॲझाडिरॅक्टा’मागे फार्सी ‘आझाद दरख्त’ आहे.

काही नावे गुण सांगतात. सोयाबीनच्या ‘ग्लायसिन’चा ग्रीक अर्थ गोड, टेंभुर्णीचे ‘मेलॅनोझायलॉन’ म्हणजे काळ्या लाकडाची. पळस (‘ब्यूटिया मोनोस्पर्मा’) या झाडाच्या नावात व्यक्ती आणि गुण दोन्ही आहेत: वनस्पतिशास्त्राचा आश्रयदाता, ब्यूटचा अर्ल जॉन स्टुअर्ट, आणि शेंगेतले एकच बी. ज्याला पाने तीनच म्हणून म्हण आहे, त्याच पळसाचे जुने जातिनाम ‘फ्राँडोसा’, म्हणजे भरपूर पानांचा, असे होते.

नावाचा अर्थ नेहमी खरा असतोच असे नाही. चिंचेचे ‘टॅमरिंडस इंडिका’ हे नाव अरबी ‘तमर हिंदी’ (हिंदी खजूर) यावरून आले. झाड मूळचे आफ्रिकेतले. तरीही नाव टिकले, कारण नियमानुसार रीतसर प्रसिद्ध झालेले नाव केवळ अर्थ चुकीचा म्हणून रद्द होत नाही. वर्गीकरण बदलले, तर मात्र ते बदलते. ‘अकेशिया’ हे नाव ऑस्ट्रेलियातील गटाकडे राखण्याचा निर्णय २००५ च्या व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत झाला आणि तोवर ‘अकेशिया’त गणली जाणारी बाभूळ ‘व्हॅचेलिया निलोटिका’ झाली. चीनमध्ये वनस्पती गोळा करणारा धर्मोपदेशक जॉर्ज व्हॅचेल याच्यावरून पहिले, तर नाईल नदीवरून दुसरे पद आहे.

नांदेड-लातूर भागातील वनस्पतींची नोंद व्ही. एन्. नाईक यांच्या ‘फ्लोरा ऑफ उस्मानाबाद’ (१९७९) व ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ (१९९८) या ग्रंथांत आहे. लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबादेतून वेगळा झाल्याने पहिल्या ग्रंथात आजच्या लातूरचाही भाग येतो. दोन्ही ग्रंथांत बाभूळ ‘अकेशिया’खालीच शोधावी लागते.