थानेवासना येथील तांबे आणि कल्याणची बाजारपेठ : खडकांच्या आधारे एक विचार

कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या परिसराच्या इतिहासाचा अभ्यास करताना तांबे हा धातू वारंवार समोर येतो. इ. स. सहाव्या शतकातील ग्रीक लेखक कॉस्मस याने कल्याण बंदरातून निर्यात होणाऱ्या मालात तांब्याचा समावेश केला आहे. (त्याने वापरलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ तांबे व कांसे असा दोन्ही होऊ शकतो, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.) पुढे उत्तर कोकणच्या शिलाहारांनी भूमिदाने ताम्रपटांवर कोरविली. अरिकेसरीचा शके ९३९, म्हणजे इ. स. १०१७ चा ठाणे ताम्रपट प्रसिद्धच आहे. तेव्हा हे तांबे जवळच्याच डोंगरांतून निघत असावे, असा तर्क सहज मनात येतो. प्रस्तुत लेखात हा तर्क खडकांच्या साक्षीने तपासला आहे.

उल्हास नदीचे खोरे दख्खनच्या बेसाल्टने व्यापलेले आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर येथे एकावर एक साचले आहेत. या खडकात तांबे असते, परंतु ते दर दहा लाख भागांत साधारण शंभर-दोनशे भाग इतकेच. एक टक्का प्रतीच्या धातुकात हेच प्रमाण दहा हजार भाग असते. बेसाल्टच्या पोकळ्यांत दिसणारा हिरवा थर पाहून अनेकांची फसगत होते. तो बहुधा सेलॅडोनाइटचा, म्हणजे लोह व मॅग्नेशियमयुक्त खनिजाचा असतो. तांब्याशी त्याचा संबंध नसतो.

बेसाल्टमध्ये तांब्याच्या खाणी होतच नाहीत, असे मात्र म्हणता येणार नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्यात कीविनॉ येथे सुमारे ११० कोटी वर्षे जुन्या बेसाल्टमधून शुद्ध धातुरूपातील तांबे विपुल निघाले. खोल गाडल्या गेलेल्या थरांतून उष्ण पाण्याने तांबे विरघळवून वर आणले आणि लाव्हाथरांच्या सच्छिद्र माथ्यांत साठविले. आपल्या खोऱ्यात पोकळ्या आहेत, त्यांत झिओलाइटची खनिजेही आहेत. परंतु विखुरलेले तांबे एकत्र आणणारी तशी प्रक्रिया येथे घडली नाही.

महाराष्ट्रातील तांबे पाहावयाचे तर राज्याच्या दुसऱ्या टोकाला, चंद्रपूर जिल्ह्यातील पोंभुर्णा तालुक्यात थानेवासना येथे जावे लागते. तेथील खडक बस्तर भूखंडगाभ्याचे, दख्खनच्या लाव्हाहून कितीतरी प्राचीन, ग्रॅनाइटी स्वरूपाचे आहेत. भूकवचाच्या हालचालींनी ते एका पट्ट्यात चिरडले गेले व त्या भेगांतून उष्ण, क्षारयुक्त द्रव वाहिला. मूळ खनिजांचे हिरवट क्लोराइटमध्ये रूपांतर झाले. गारगोटीच्या शिरांत चाल्कोपायराइट हे तांबे, लोह व गंधक यांचे खनिज साचले. अल्प सोनेही त्यासोबत आढळते. क्लोराइटचे हे रूपांतर आणि धातूचे साचणे यांचा परस्परसंबंध अभ्यासकांनी २०१५ मध्ये सविस्तर मांडला आहे. बालाघाट जिल्ह्यातील मलांजखंडच्या तुलनेत हा साठा फारच लहान आहे. देशातील तांब्याचे खाणकाम मध्य प्रदेश, राजस्थान व झारखंड या राज्यांत एकवटले, त्यामागे साठ्यांचे हे आकारमान महत्त्वाचे ठरले.

मग कल्याणच्या निर्यातीचा अर्थ कसा लावावा? पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रंथात भडोच बंदरात तांबे आयात होत असल्याची नोंद आहे आणि त्याच बंदरातून इराणच्या आखाताकडे तांबे जात असल्याचीही आहे. अर्थात, बंदरातून निघालेला धातू बंदरामागच्या खाणीतलाच असतो असे नव्हे. जुन्नरच्या लेण्यांतील एका शिलालेखात कासाकारांच्या श्रेणीचा, म्हणजे कांसे घडविणाऱ्यांच्या संघाचा, उल्लेख येतो. नाणेघाटाने कल्याणशी जोडलेले जुन्नरही बेसाल्टवरच वसलेले आहे. धातू बाहेरून यावा, त्यावर कारागिरांचे हात फिरावेत व घडलेला माल पुन्हा बंदराकडे जावा, ही व्यवस्था या पुराव्यांशी अधिक जुळते.

'स्थानिक ताम्रपट' या शब्दप्रयोगातही म्हणून भेद करणे आवश्यक वाटते. कोरणारा, दान देणारा व दान घेणारा स्थानिक असला, तरी पत्र्याचा धातू स्थानिक ठरत नाही. त्याचा उगम शोधण्यासाठी लिपी व भाषा यांच्या जोडीला धातूतील शिशाच्या समस्थानिकांचे मापन करावे लागेल, आणि त्या मापनाची तुलना अरवलीतील तसेच मध्य भारतातील धातुकांशी करावी लागेल.