पूररेषा कुणासाठी?

पंचगंगेच्या पुराबद्दल आपण कोल्हापूरकर फुटांत बोलतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ मध्ये ५६ च्याही वर. मोजण्यात आपण कमी पडलो नाही. मग माणसं पुन्हा पुन्हा पाण्यात का सापडतात?

थोडं मागे जाऊ. या शहराची जुनी वस्ती ब्रह्मपुरीच्या टेकडीवर होती. १९४५-४६ च्या उत्खननात तिथे सातवाहन काळाचे अवशेष मिळाले. पाणी जवळ, पण घर उंचावर. पूरमैदान हे नदीचंच असतं, फक्त ती ते रोज वापरत नाही.

पुढे हा हिशेब सरकारकडे गेला. केंद्राने १९७५ मध्ये राज्यांना पूरमैदानाबाबत नमुना विधेयक पाठवलं. महाराष्ट्राने १९८९ मध्ये परिपत्रकाची वाट धरली. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळीच्या आत बांधकाम नको, दोन्हींच्या मधे अटी घालून. आता ‘२५ वर्षांतून एकदा’ म्हटलं की माणूस एका पुरानंतर निर्धास्त होतो. पण त्याचा अर्थ दरवर्षी शंभरात चार इतकी शक्यता, एवढाच. नदी वर्षं मोजत बसत नाही.

त्याच १९८९ साली इथे महापूर आला. त्यानंतर प्रयाग चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीला भूखंड दिले गेले. काही कुटुंबं गेली, पुष्कळ जुन्या गावातच राहिली. २०१९ मध्ये चिखलीच्या लोकांना बोटीतून बाहेर काढावं लागलं. त्यांना हट्टी म्हणणं सोपं आहे. पण ऊस खाली, वैरण खाली, म्हशी खाली. पहाटे धार काढायची तर राहायचं कुठे? शासनाने घराला जागा दिली. त्या घरातल्या माणसाचा दिवस कसा जाणार, हे विचारात घेतलं नाही.

शहरात गोष्ट उलटी आहे. तिथे रेषेच्या आत बांधणाऱ्याला फायदा होतो. भराव टाकणाऱ्याचा प्लॉट उंच होतो आणि त्याच्या वाट्याचं पाणी शेजारच्या गल्लीत शिरतं. २०२० मध्ये वडनेरे समितीने आपल्या अहवालात अतिवृष्टीबरोबरच अतिक्रमणांवरही बोट ठेवलं. म्हणजे रेषा पाळली तर शेतकऱ्याचं पोट अडतं, मोडली तर दुसऱ्याचं भलं होतं. असा नियम टिकेल कसा?

टिकणारा नियम बघायचा तर नृसिंहवाडीला जा. पाणी पादुकांवरून दक्षिण दारातून बाहेर पडलं की लोक दक्षिणद्वाराच्या स्नानाला जमतात. आणखी चढलं की उत्सवमूर्ती वर हलवतात. नोटिशीची वाट कुणी बघत नाही. खूण डोळ्यासमोर आहे, पुढची जागा ठरलेली आहे, काम कुणाचं हेही ठरलेलं आहे. आणि हलण्यात कुणाचं नुकसान नाही.

गिल्बर्ट व्हाइट या भूगोलतज्ज्ञाने १९४२ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या प्रबंधात हेच मांडलं, की केवळ धरणं-बांधांनी भागत नाही, माणूस पूरमैदानाचा वापर कसा करतो तेही बदलावं लागतं. मी त्यात एवढीच भर घालीन, की त्या बदलाची किंमत एकट्या काठावरच्या माणसाकडून वसूल करणं हा न्याय नव्हे. घरासोबत गोठा, वैरणीची जागा, दूध संकलन, शाळा हे सगळं वर गेलं पाहिजे. जुन्या जागेत पुन्हा घर उभं राहता कामा नये, आणि हाच नियम शहरातल्या भरावालाही लागू हवा.

तेव्हा पुढच्या वेळी ग्रामसभेत कुणी साहेब पूररेषेचा नकाशा पसरतील, तेव्हा त्यांना आदराने एकच विचारा: साहेब, रेषा समजली, आमचा गोठा कुठं दाखवलाय?